अंदाजाचा डोस

पेणहून नागोठण्याकडे निघाले की वडखळ ओलांडल्यावर कासू लागते. एका अंगाने मुंबई-गोवा महामार्ग, जवळच रोह्याकडे जाणारा लोहमार्ग आणि त्यावरचे छोटे स्थानक, पुढे भातखाचरे आणि अंबा नदीच्या खाडीचा खारपट्टा. या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत एखादा वडीलधारा माणूस असा असतो की ज्याची छाती पावसाळ्यात किंवा दिवाळीनंतरच्या गारठ्यात धरते. खोकला वाढतो, बेडका पिवळा पडतो, अन्नावरची वासना उडते. मग घरातले कोणीतरी नाक्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन सांगते, "बाबांना मागच्या वेळी दिली होती ती कफाची गोळी द्या, जरा पावरफुल." तीन दिवसांत बरे वाटते आणि पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी फडताळात जातात.

बरे वाटले नाही, तर एकेक पायरी चढावी लागते. आधी खासगी दवाखान्यातले इंजेक्शन, मग सलाईन, मग पेणचे किंवा रोह्याचे उपजिल्हा रुग्णालय, नंतर अलिबाग, नाहीतर पनवेल-कामोठे आणि अखेर मुंबई. प्रत्येक पायरीवर अँटिबायोटिक आधीपेक्षा भारी होते. शेवटी अतिदक्षता विभागाबाहेर डॉक्टर सांगतात, "जंतू औषधाला दाद देत नाहीत." घरच्यांना वाटते, शेवटच्या पायरीवर काहीतरी बिनसले. खरे म्हणजे ते पहिल्याच पायरीवर बिनसायला लागलेले असते, कारण छातीत नेमके काय झाले आहे हे तिथे कोणी तपासलेले नसते. ज्येष्ठांच्या श्वसनमार्गातील संसर्ग औषधांना का जुमानत नाहीत, याविषयी आजवर जे कळले आहे त्याचा हा आढावा. त्यातून निघणारा माझा निष्कर्ष आताच सांगतो: वृद्धांच्या बाबतीत हा प्रश्न नव्या औषधांच्या टंचाईचा जेवढा आहे, त्याहून अधिक तो अंदाजावर चालणाऱ्या उपचारांचा आहे. त्यावरचा उपाय मुंबईत नव्हे, तालुक्यात करावा लागेल.

मुले वाचली, म्हातारी माणसे सापडली

'लॅन्सेट'मध्ये २०२२ साली आलेल्या जागतिक अभ्यासाने या प्रश्नाचा आवाका पहिल्यांदा नीट मांडला. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे केवळ जंतूंवर औषध न चालल्यामुळे गेली. संसर्गाचे जंतू औषधाला दाद न देणारे होते, पण मृत्यूला इतरही कारणे जोडलेली होती, असे मृत्यू धरले तर आकडा सुमारे ४९ लाख ५० हजारांवर जातो. शरीराच्या कोणत्या भागातल्या संसर्गाने सर्वाधिक बळी घेतले, याचे उत्तर फुप्फुसे असे आले. या दुसऱ्या मोजणीतले १५ लाखांहून अधिक मृत्यू एकट्या न्यूमोनियासारख्या आजारांचे होते.

त्याच संशोधकांचा दुसरा अभ्यास सप्टेंबर २०२४ मध्ये आला आणि त्याने वयाचा मुद्दा पुढे आणला. १९९० ते २०२१ या काळात पाच वर्षांखालील मुलांमधले असे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. सत्तरी ओलांडलेल्यांमध्ये ते ८० टक्क्यांहून अधिक वाढले. मुलांना लसी, स्वच्छ पाणी आणि वेळेवर उपचार यांनी वाचवले. वृद्धांची संख्या वाढत गेली, त्यांचे जुने आजार वाढत गेले आणि त्यांच्यासाठी तशी कोणतीही मोहीम उभी राहिली नाही. हे असेच चालू राहिले तर २०२५ ते २०५० या काळात जगात ३ कोटी ९० लाख माणसे या कारणाने थेट दगावतील आणि त्यातली सुमारे १ कोटी १८ लाख दक्षिण आशियातली असतील, असा या अभ्यासाचा अंदाज आहे.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत शंभरातली जवळपास दहा माणसे साठीपुढची होती, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा जास्त. कोकणपट्टीत हे गावोगाव जाणवते. कर्ती पिढी पनवेल, नवी मुंबई, मुंबईकडे कामाला आणि घर सांभाळायला आई-वडील मागे. आजारी माणसाने एकट्याने एसटी पकडून तपासणीसाठी तालुक्याला जावे, अशी अपेक्षाच करता येत नाही. त्यामुळे मेडिकलमधली गोळी हाच पहिला उपचार ठरतो.

उतारवयात छाती का धरते

निरोगी माणसाच्या श्वासनलिकेत सूक्ष्म केसांसारख्या तंतूंचा थर असतो. तो कफ सतत वर ढकलत राहतो. वय वाढले की हे तंतू मंदावतात, खोकल्याचा जोर कमी होतो, गिळताना अन्नाचा कण किंवा तोंडातली लाळ नकळत श्वासनलिकेत उतरते. त्यात मधुमेह असेल, अर्धांगवायूचा झटका येऊन गेला असेल, तर धोका आणखी वाढतो.

कोकणातल्या फुप्फुसांवर वेगळे ओझेही असते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटिश तज्ज्ञ पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले, की फुप्फुसांचा कायमचा अडथळ्याचा आजार, म्हणजे सीओपीडी, हा फक्त विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार नाही. चुलीचा धूर हे त्याचे मोठे कारण आहे. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या आगरी, कोळी, कुणबी बायका, कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर राबलेली कातकरी माणसे, पेण-हमरापूर-जोहे भागातल्या गणपतीच्या कारखान्यांत माती-प्लॅस्टरच्या धुळीत वर्षे काढलेले कारागीर, रुंदीकरण रखडलेल्या महामार्गाची धूळ दारात झेलणारी गावे, या सगळ्यांची फुप्फुसे साठीला पोहोचेपर्यंत थकलेली असतात. थकलेल्या फुप्फुसांत जंतू ठाण मांडून बसतात. अशा माणसाला वर्षातून दोन-तीनदा अँटिबायोटिक मिळते आणि दर खेपेला त्याच्या शरीरातले लेचेपेचे जंतू मरून चिवट तेवढे मागे उरतात.

आणखी एक अडचण निदानाची. तरुणाला न्यूमोनिया झाला तर सणकून ताप येतो, छातीत कळ येते. सत्तरीतल्या माणसाला तापच येत नाही असेही होते. तो गप्प होतो, असंबद्ध बोलतो, तोल जाऊन पडतो, जेवणाचे ताट सरकवतो. घरच्यांना वाटते, वयाने होत असेल. न्यूमोनिया किती गंभीर आहे हे जोखण्यासाठी डॉक्टर जी साधी मोजणी करतात, तिच्यात भ्रम, रक्तातला युरिया, मिनिटाला तीस किंवा अधिक श्वास, घसरलेला रक्तदाब आणि पासष्ट किंवा अधिक वय हे पाच मुद्दे असतात. तापाचा त्यात उल्लेखही नाही. श्वास मोजायला घड्याळ पुरते, पण घरात आणि कित्येकदा दवाखान्यातही तेवढे केले जात नाही.

कोणता जंतू, कोणते औषध

घरी असताना झालेल्या न्यूमोनियाचा जगभरातला सर्वात नेहमीचा जंतू न्यूमोकॉकस. सीओपीडीच्या रुग्णांत हिमोफिलस आणि मोराक्सेला हे जंतू कफ पिवळा-हिरवा करतात. मधुमेही, मद्यपी आणि वारंवार रुग्णालयात राहून आलेल्या वृद्धांमध्ये क्लेब्सिएला दिसतो. ज्यांच्या श्वासनलिका कायमच्या फुगून सैल पडल्या आहेत, त्यांच्यात स्यूडोमोनास घर करतो. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला ॲसिनेटोबॅक्टर गाठतो.

या जंतूंनी औषधांवर शोधलेल्या तोडी वेगवेगळ्या आहेत. काही औषधाचा रेणूच तोडणारे विकर तयार करतात. काही आत शिरलेले औषध पंपासारखे बाहेर फेकतात. काही आपल्या भिंतीतली दारे बंद करतात, तर काही औषध जिथे चिकटते ती जागाच बदलतात. सर्वात चिंतेची गोष्ट ही, की अशा तोडीचे जनुक एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडे जाऊ शकते. एनडीएम-१ हे विकर २००८ मध्ये, दिल्लीत उपचार घेऊन गेलेल्या एका स्वीडिश रुग्णाच्या क्लेब्सिएलात सापडले. ते कार्बापेनेम गटाची भारी औषधे निकामी करते. २०१० मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनीही आपल्या रुग्णांत हे विकर सापडल्याचे प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी, २०११ च्या अखेरीस, त्याच रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण नोंदवले, तेव्हा देशभर खळबळ उडाली. श्वसनाच्या रोगांत औषधे हरू लागल्याची ही ठळक नोंद मुंबईत, म्हणजे आपल्या अंगणात झाली.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ पासून मोठ्या रुग्णालयांचे जाळे उभारून दरवर्षी जंतूंची औषधांपुढची वागणूक नोंदवायला सुरुवात केली. मुंबईचे हिंदुजा, पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था या जाळ्यात आहेत. या नोंदींनुसार इमिपेनेम या भारी औषधाला दाद देणाऱ्या क्लेब्सिएलाचे प्रमाण २०१७ मध्ये सुमारे ५८ टक्के होते, ते २०२३ पर्यंत सुमारे ३६ टक्क्यांवर घसरले. ॲसिनेटोबॅक्टरच्या शंभरातल्या जवळपास नव्वद नमुन्यांवर कार्बापेनेम चालत नाही.

हे आकडे वाचताना एक भान ठेवायला हवे. ते मोठ्या रुग्णालयांचे, म्हणजे अनेक औषधे आधीच घेऊन आलेल्या आणि अतिदक्षता विभागात पडलेल्या रुग्णांचे आहेत. कासूतल्या आजींना काल सुरू झालेल्या न्यूमोनियाला ते जसेच्या तसे लावले, तर डॉक्टर घाबरून पहिल्याच दिवशी सर्वात भारी औषध देईल आणि पुढच्या वर्षीचे आकडे आणखी बिघडतील. गावात झालेल्या न्यूमोकॉकसच्या न्यूमोनियावर योग्य मात्रेतले पेनिसिलिन किंवा ॲमॉक्सिसिलिन आजही बहुतेक वेळा काम करते. उलट ॲझिथ्रोमायसिनच्या गटाला भारतातले बरेच न्यूमोकॉकस जुमानत नाहीत. म्हणजे 'पावरफुल' म्हणून मागितलेली गोळी जुन्या स्वस्त गोळीपेक्षा दुबळी ठरू शकते.

पेनिसिलिन ते पट्टी

महाराष्ट्राने या औषधांची सगळी स्थित्यंतरे जवळून पाहिली आहेत. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये फेब्रुवारी १९४४ मध्ये कस्तुरबा गांधी स्थानबद्ध होत्या. वय ७४, हृदय थकलेले, जुना श्वासनलिकादाह आणि त्यावर न्यूमोनिया. मुलगा देवदास गांधी यांच्या प्रयत्नांनी विमानाने पेनिसिलिन आले. दर काही तासांनी सुई टोचावी लागणार, हे कळल्यावर गांधीजींनी ते नको म्हटले. २२ फेब्रुवारीला बा गेल्या. त्या काळी हे औषध इतके दुर्मीळ होते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९४५ मध्ये, नोबेल पारितोषिक स्वीकारताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी बजावले, की अपुऱ्या मात्रेत घेतलेले पेनिसिलिन जंतूंना मारण्याऐवजी शिकवून तयार करेल.

१९५४ मध्ये पिंपरीला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि १९५५ पासून देशी पेनिसिलिन निघू लागले. त्याने अगणित प्राण वाचवले. पण औषध बनवण्याची सोय झपाट्याने वाढली, तशी ते जपून वापरण्याची व्यवस्था वाढली नाही. २०१९ मध्ये देशाच्या खासगी बाजारात विकल्या गेलेल्या अँटिबायोटिक्सचा हिशेब मांडणारा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वाधिक खपणारे एकच एक औषध निघाले ॲझिथ्रोमायसिन ५०० आणि त्याखालोखाल सेफिक्सिम २००. जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिक्सचे तीन गट केले आहेत: सर्रास वापरण्याजोगी, जपून वापरण्याजोगी आणि राखीव. भारतातल्या या विक्रीत जपून वापरण्याजोग्या गटाचा वाटा सुमारे ५५ टक्के आणि सर्रास वापरण्याजोग्या गटाचा फक्त २७ टक्के निघाला. हे प्रमाण नेमके उलटे हवे. पुढे करोनाच्या पहिल्या लाटेत, जून ते सप्टेंबर २०२० या चार महिन्यांत, विषाणूच्या आजारावर देशात अँटिबायोटिक्सच्या सुमारे २१ कोटी ६० लाख मात्रा जास्तीच्या विकल्या गेल्या, असाही एक अभ्यास सांगतो.

कायदा आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' अनुसूचीनुसार त्यातली अँटिबायोटिक्स चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. विक्रेत्याने वेगळ्या वहीत डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या नोंदवून ती वही तीन वर्षे जपायची असते. २०१६ पासून पट्टीवरच्या उभ्या लाल रेघेचा अर्थ लोकांना सांगण्याची मोहीमही सुरू झाली. पण सगळा दोष विक्रेत्याच्या माथी मारून चालणार नाही. ज्या गावात डॉक्टर संध्याकाळी भेटत नाही, जिथे तपासणीचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी, तिथे लोक मेडिकलच्या फळीपुढे उभे राहणारच.

औषधांचा वापर माणसांपुरता नाही. कोंबड्यांच्या खाद्यातून कोलिस्टिन देण्यावर भारताने २०१९ मध्ये बंदी घातली, हे चांगले झाले, कारण अतिदक्षता विभागातले ते शेवटच्या आधाराचे औषध आहे. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात अँटिबायोटिक किती असावे याच्या मर्यादा केंद्राने जानेवारी २०२० च्या मसुद्यात घातल्या, पण २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या वगळल्या गेल्या. ही उणीव भरून काढायलाच हवी.

डोस कशावर चालला आहे

वृद्धाचा खोकला वाढला की त्यामागे चार वेगळ्या गोष्टी असू शकतात: विषाणूचा संसर्ग, सीओपीडीचा उठाव, जंतूंचा न्यूमोनिया आणि क्षय. चौघांचे उपचार वेगळे आहेत. अंदाजाने दिलेल्या गोळीत मात्र चौघांना एकच औषध मिळते.

युरोपातल्या बारा देशांत दोन हजारांहून अधिक प्रौढांवर केलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूमोनियाची शंका नसलेल्या खोकल्यात निम्म्यांना ॲमॉक्सिसिलिन आणि निम्म्यांना औषधासारखी दिसणारी पोकळ गोळी दिली. साठीपुढच्या गटातही दुखणे किती दिवस टिकले, यात फरक पडला नाही. सीओपीडीच्या उठावात अँटिबायोटिक कधी द्यावे, याची कसोटी १९८७ पासून उपलब्ध आहे: धाप वाढली का, कफ वाढला का, कफ पुवासारखा झाला का. ब्रिटनमध्ये बोटातून रक्ताचा थेंब घेऊन सीआरपी हे दाह दाखवणारे प्रथिन तपासले, तेव्हा अशा रुग्णांतला अँटिबायोटिक्सचा वापर ७७ टक्क्यांवरून ५७ टक्क्यांवर आला आणि रुग्णांचे काही बिघडले नाही. हा अभ्यास २०१९ चा.

क्षयाचा मुद्दा आपल्याकडे सर्वात महत्त्वाचा. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी गोळी क्षयाच्या जंतूंनाही थोडी दाबते. खोकला तात्पुरता कमी होतो, निदान लांबते. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिले, तर हा उशीर सरासरी १९ दिवसांचा भरतो. तेवढ्या दिवसांत तो माणूस नातवंडांच्या शेजारी झोपतो आणि त्याच्या जंतूंना एका महत्त्वाच्या औषधाची सवय होऊ लागते. म्हणून दोन आठवड्यांपुढचा खोकला असेल, तर आधी थुंकी तपासावी आणि मग गोळीचे बोलावे.

औषधांच्या आपसातल्या भांडणाचाही विचार करायला हवा. दम्यासाठी वर्षानुवर्षे डेरिफायलिन घेणारे आजोबा गावोगाव आहेत. त्यातल्या थिओफायलिनचा यकृतात निचरा होतो. वर सिप्रोफ्लॉक्सासिन दिले की तो निचरा अडतो, रक्तातले थिओफायलिन वाढते, मळमळ, छातीत धडधड, हातांना कंप आणि क्वचित झटकेसुद्धा येतात. घरच्यांना वाटते आजार बळावला. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधे वृद्धांमध्ये टाचेमागची कंडरा तुटणे, साखर एकदम उतरणे आणि भ्रम यांनाही कारण होतात.

एका डबीतला बेडका

अंदाजाला पर्याय काय, हे पाहण्यासाठी थुंकीची तपासणी जवळून समजून घेऊ. सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी, साध्या पाण्याने खळखळून चूळ भरायची. कवळी असेल तर काढायची. दोन-तीन दीर्घ श्वास घेऊन छातीच्या तळापासून खोकायचे आणि जे दाट वर येईल ते रुंद तोंडाच्या स्वच्छ डबीत घ्यायचे. लाळ चालत नाही. पहिला अँटिबायोटिक डोस पोटात जाण्याआधी हे व्हायला हवे आणि डबी साधारण दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचायला हवी, नाहीतर ती थंड ठेवायला हवी.

तिथे आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पुवाच्या पेशी भरपूर आणि गालाच्या आतल्या अस्तराच्या पेशी थोड्या दिसल्या, तर नमुना खरोखर छातीतला. उलटे असेल तर तो टाकून दुसरा मागवतात. मग रक्तमिश्रित पोषक माध्यमाच्या तबकडीवर नमुना पसरून रात्रभर शरीराइतक्या उबेत ठेवतात. वाढलेला जंतू दुसऱ्या तबकडीवर सारवून त्यावर औषधांत भिजवलेल्या कागदाच्या लहान चकत्या मांडतात. दुसऱ्या दिवशी ज्या चकतीभोवती पुरेसे रुंद, मोकळे गोल रिंगण पडलेले दिसते, ते औषध लागू. ज्या चकतीला जंतू चिकटून वाढला, ते औषध निकामी. रिंगणाची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून अहवाल लिहितात. दोन-तीन दिवसांचे हे काम, त्यात परदेशी यंत्राची गरज नाही. लागते ती शिकलेली माणसे, नियमित साहित्य आणि नमुना वेळेत पोहोचवणारी गाडी.

किती दिवस घ्यायचे

'कोर्स पूर्ण करा' हे आपण पिढ्यानपिढ्या ऐकले. ते आता नेमकेपणाने सांगावे लागेल. फ्रान्समध्ये मध्यम न्यूमोनियाने दाखल झालेल्या रुग्णांवरचा प्रयोग २०२१ मध्ये आला. त्या रुग्णांचे मध्यक वय ७३ होते. तीन दिवसांच्या औषधाने ज्यांची प्रकृती स्थिरावली, त्यांना तिथेच थांबवले तरी ते आठ दिवसांचे औषध घेतलेल्यांइतकेच बरे झाले. म्हणजे गरज नसताना दहा-बारा दिवस औषध चालू ठेवण्यात फायदा नाही. उलट आतड्यातल्या निरुपद्रवी जंतूंतही चिवटपणा वाढतो. पण किती दिवस हे डॉक्टरने तपासून ठरवायचे, दुसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून आपण नव्हे. क्षयाची गोष्ट वेगळी. तिथे ठरलेले महिने पूर्ण करण्याला पर्याय नाही.

नवे औषध आणि जुनी चूक

नोव्हेंबर २०२४ मध्ये नॅफिथ्रोमायसिन या भारतात विकसित झालेल्या अँटिबायोटिकची घोषणा झाली. मुंबईच्या वोक्हार्ट कंपनीने केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने सुमारे १४ वर्षे खपून ते तयार केले. घरी असताना झालेल्या न्यूमोनियासाठी दिवसातून एकदा, फक्त तीन दिवस घ्यायचे हे औषध, ॲझिथ्रोमायसिनला न जुमानणाऱ्या जंतूंवर चालावे असे बेतलेले आहे. याचा अभिमान वाटावा. पण तेही फळीवरून 'कफाची गोळी' म्हणून विकले गेले, तर ॲझिथ्रोमायसिनची गत त्याची व्हायला वेळ लागणार नाही. नव्या औषधाचे आयुष्य ते वापरणाऱ्यांच्या शिस्तीवर ठरते.

आजार होऊच नये म्हणून

न झालेल्या न्यूमोनियाला अँटिबायोटिक लागत नाही. नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांपुढच्या सुमारे ८५ हजार माणसांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, न्यूमोकॉकसच्या लसीने लसीतल्या प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया सुमारे ४६ टक्क्यांनी कमी केला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने न्यूमोसिल ही स्वस्त लस डिसेंबर २०२० मध्ये आणली आणि २०२१ पासून बाळांना न्यूमोकॉकसची लस देशभर मोफत मिळू लागली. अमेरिकेत मुलांना लस दिल्यावर घरातल्या वृद्धांमधलेही चिवट न्यूमोकॉकसचे संसर्ग घटले, कारण हा जंतू नातवंडाच्या नाका-घशातून आजीपर्यंत पोहोचतो. म्हणून अंगणवाडीतल्या बाळाचे लसीकरण ही आजीचीही काळजी आहे. पण मोठ्यांची न्यूमोकॉकस आणि फ्लूची लस राष्ट्रीय लसीकरणात नाही. खासगीत ती परवडत नाही आणि ती असते, हेही कित्येकांना ठाऊक नाही.

दुसरा उपाय तोंडाचा. जपानमधल्या ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षे चाललेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जेवणानंतर नीट दात-हिरड्या घासून दिलेल्या वृद्धांत न्यूमोनिया कमी झाला. तोंडातले जंतूच रात्री फुप्फुसांत उतरतात. आपल्याकडे कितीतरी बायका अजून मशेरी लावतात. मशेरी सोडवणे, कवळी रात्री काढून धुणे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बसते करून भरवणे, या गोष्टींना पैसे लागत नाहीत. धुराची चूल बंद होणे हाही अँटिबायोटिक वाचवणारा उपाय आहे.

तालुक्याने काय करावे

आपल्याकडे थुंकीचा नमुना वाहून नेण्याची व्यवस्था मुळात आहे. क्षय कार्यक्रमाने ती उभी केली आहे. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचे ट्रुनॅट हे छोटे यंत्र त्याच कार्यक्रमात थुंकीतला क्षय आणि रिफॅम्पिसिन या क्षयाच्या औषधाला होणारा प्रतिरोध शोधते. क्षयासाठी निघालेल्या त्याच गाडीतून वृद्धांच्या न्यूमोनियाचे नमुने अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जावेत. तिथले वर्षभराचे निकाल एकत्र करून पेण, रोहा, अलिबाग, सुधागड या भागांत कोणता जंतू कोणत्या औषधाला दाद देतो, याचा एक पानी तक्ता दरवर्षी प्रत्येक सरकारी आणि खासगी डॉक्टरच्या टेबलावर पोहोचावा. मुंबईच्या अतिदक्षता विभागाचा आकडा पाहून कासूत औषध ठरवायची वेळ मग येणार नाही.

आशाताईंच्या हाती बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र आणि श्वास मोजण्याचे प्रशिक्षण द्यावे. पावसाळा सुरू होण्याआधी सीओपीडी आणि मधुमेह असलेल्या ज्येष्ठांची यादी करून त्यांना सरकारी खर्चाने लस द्यावी. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्यांना आयुष्मान योजनेचे पाच लाखांचे संरक्षण मिळाले, हे स्वागतार्हच आहे. पण ते खाटेवर पडल्यावर उपयोगी पडते. त्यातला अगदी छोटा भाग आधीच्या तपासणीवर खर्च झाला, तर कित्येकांना ती खाट लागणारच नाही. 'एच-१'च्या वह्या तपासून कोणते औषध कुठे अतोनात खपते, हे आरोग्य विभागाने पाहावे आणि त्यावर डॉक्टर-विक्रेत्यांशी दंडाच्या भाषेऐवजी समजुतीने बोलावे.

घरच्यांनी डॉक्टरला चार प्रश्न विचारावेत: हा आजार जंतूंचा आहे की विषाणूंचा? औषध सुरू करण्याआधी थुंकी तपासायची का? हे औषध किती दिवस? बाबांच्या नेहमीच्या गोळ्यांशी ते जुळते का? फडताळातल्या उरलेल्या गोळ्या कोणालाही देऊ नयेत.

ज्या पिढीने शेत, मिठागर आणि भट्ट्यांवर राबून घरे उभी केली, तिच्या शेवटच्या आजारात आपण तिला अंदाजाचे औषध देतो. त्यांना वाचवू शकणारी बहुतेक औषधे आजही स्वस्त आहेत आणि आजही चालतात. ती चालत राहावीत म्हणून प्रत्येक डोसाआधी तपासणी झाली पाहिजे, आणि ती तपासणी कासूतल्या माणसाच्या आवाक्यात आणून देणे हे सरकारचे, डॉक्टरांचे आणि आपल्या सर्वांचे कर्तव्य आहे.